दगडखाणीची जनसुनावणी : पुढे टिकेल असा विरोध कसा नोंदवावा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. सातारा जिल्ह्यातल्या तुमच्या गावाशेजारच्या डोंगरउतारावर सुमारे साडेनऊ हेक्टरांवर दगडखाण आणि खडी क्रशर प्रस्तावित आहे. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची जनसुनावणीची जाहिरात वर्तमानपत्रात आली असून तारखेला तीन आठवडे उरले आहेत. ग्रामसभेने विरोधाचा ठराव केला आहे. खाणीच्या पर्यावरणावरील परिणामांचा मूळ अहवाल इंग्रजीत असल्यामुळे तो कोणी वाचलेला नाही. जागेवर थोडे उत्खनन आधीच झालेले दिसते आहे. गावातल्या एका गटाला सुनावणी उधळून लावायची आहे आणि दुसऱ्या गटाला तिच्यावर बहिष्कार टाकायचा आहे. आणि तुम्ही विचारता की, किती लोकांनी विरोध केला म्हणजे खाण थांबते?

माझी पार्श्वभूमी आधी सांगतो, म्हणजे पुढचे कोणत्या बाजूने पाहून लिहिले आहे ते कळेल. मी सुरुवातीची काही वर्षे प्रकल्पांचे पर्यावरण अहवाल तयार करणाऱ्या सल्लागार संस्थेत काम केले आणि त्यानंतर पुण्यात राष्ट्रीय हरित लवादाच्या, म्हणजे पर्यावरणाचे दावे ऐकणाऱ्या खास न्यायाधिकरणाच्या, पश्चिम विभागीय खंडपीठासमोर वकिली करत आलो आहे. अहवाल कसे लिहिले जातात आणि नंतर ते कुठे उसवतात, हे दोन्ही मी जवळून पाहिले आहे.

तुमच्या प्रश्नाचे सरळ उत्तर असे की, असा कोणताही आकडा कायद्यात नाही. जनसुनावणी हे मतदान नाही. १४ सप्टेंबर २००६च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेत सुनावणीसाठी किमान उपस्थितीची अटसुद्धा घातलेली नाही. दहा माणसे आली तरी ती सुनावणी वैध ठरते आणि हजारांनी एकमुखाने नकार दिला तरी केवळ तेवढ्यावर मंजुरी नाकारली जात नाही. शिवाय ज्या अधिकाऱ्यासमोर तुम्ही बोलणार, तो निर्णय घेणारा नसतो. सुनावणीचे अध्यक्षस्थान जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकाऱ्याच्या दर्जाखाली नसलेला त्यांचा प्रतिनिधी भूषवतो आणि मंडळाचा प्रतिनिधी नोंदी घेतो. निर्णय मात्र मुंबईत राज्यस्तरीय पर्यावरण आघात मूल्यांकन प्राधिकरण घेते, तेही तज्ज्ञ मूल्यांकन समितीच्या शिफारशीवर. त्या समितीतल्या बहुतेकांनी तुमचा डोंगर पाहिलेला नसतो. त्यांच्यासमोर कागद जातो, म्हणून त्या कागदावर तुमच्या गावाचे नेमके काय उतरले, हाच खरा प्रश्न आहे.

तो कागद कसा तयार होतो हे पाहिले की बाकीचे आपोआप उलगडते. सुनावणीच्या शेवटी मंडळाच्या प्रतिनिधीने मांडल्या गेलेल्या सर्व मतांचा आणि हरकतींचा गोषवारा उपस्थितांना स्थानिक भाषेत वाचून दाखवायचा असतो आणि त्या मान्य झालेल्या इतिवृत्तावर अध्यक्षांची सही त्याच दिवशी व्हायची असते. त्याला एक विवरणपत्र जोडले जाते, ज्यात लोकांनी मांडलेले मुद्दे आणि त्यावर प्रकल्पधारकाचे म्हणणे असते. संपूर्ण कामकाजाचे चित्रीकरण बंधनकारक आहे आणि त्याची प्रत इतिवृत्तासोबत जाते. त्यानंतर प्रकल्पधारकाने सुनावणीत आलेल्या महत्त्वाच्या पर्यावरणीय मुद्द्यांना उत्तर देऊन मसुदा अहवालात आणि पर्यावरण व्यवस्थापन आराखड्यात बदल करायचे असतात आणि मगच अंतिम अहवाल समितीपुढे ठेवायचा असतो.

आता ‘खाण नको’ एवढेच शेकडो लोकांनी म्हटले, तर विवरणपत्रात ‘ग्रामस्थांनी प्रकल्पास विरोध दर्शविला’ अशी एक ओळ येते आणि तिच्यासमोर ‘प्रकल्पामुळे स्थानिकांना रोजगार मिळेल व सर्व नियमांचे पालन केले जाईल’ असे उत्तर येते. समितीला त्यावर विचार करण्यासारखे काही उरत नाही. याउलट ‘अमुक गट नंबरमधल्या विहिरीचा तळ खाणीच्या प्रस्तावित तळापेक्षा वर आहे आणि अहवालातील विहिरींच्या यादीत ती विहीरच नाही’ असे कोणी म्हटले, तर त्याला रोजगाराचे उत्तर देता येत नाही. गोव्यातल्या एका खाणीच्या मंजुरीवरून ‘उत्कर्ष मंडळ’ या संस्थेने दाखल केलेल्या याचिकेत दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ साली स्पष्ट केले की, सुनावणीत आलेल्या हरकती का स्वीकारल्या किंवा का फेटाळल्या, याची कारणे तज्ज्ञ समितीने थोडक्यात तरी नोंदवली पाहिजेत. पण कारण देण्याचे बंधन येण्यासाठी आधी उत्तर देण्याजोगी हरकत नोंदलेली असावी लागते. तुमचा सगळा प्रयत्न त्या दिशेने हवा.

सुनावणी उधळण्याचा विचार गावाने तातडीने सोडावा, असे मी आग्रहाने सांगतो. त्यामागचा राग मला कळतो, परंतु अधिसूचनेत एक तरतूद आहे जी बहुतेक आंदोलकांना ठाऊक नसते. स्थानिक परिस्थितीमुळे लोकांना मोकळेपणाने मत मांडता येईल अशा रीतीने सुनावणी घेणे शक्य नाही, असा सविस्तर अहवाल संबंधित यंत्रणेने पाठवला, तर प्राधिकरण त्यावर विचार करून जनसुनावणीचा टप्पाच वगळण्याचा निर्णय घेऊ शकते. म्हणजे खुर्च्या फेकल्या की सर्वाधिक सोय प्रकल्पधारकाची होते. बहिष्काराचेही तेच, किमान उपस्थितीची अट नसल्यामुळे रिकाम्या मंडपातही सुनावणी पूर्ण होते आणि ‘कोणतीही हरकत प्राप्त झाली नाही’ असे लिहून जाते. निषेध नोंदवायचा असेल तर आधी मुद्दे नोंदवा, चित्रीकरणात येऊ द्या, लेखी हरकतींची पोच घ्या आणि त्यानंतर हवी तेवढी घोषणाबाजी करा.

आता परिस्थितीवर अवलंबून असलेल्या काही गोष्टी. तुमच्याकडे जनसुनावणी होते आहे याचे कारण खाणपट्टा पाच हेक्टरांहून मोठा आहे. पाच हेक्टरांपर्यंतच्या सुट्या खाणपट्ट्यांना साधारणपणे जनसुनावणीशिवायच मंजुरी मिळते, म्हणूनच ४.९० हेक्टरांचे तुकडे पाडून वेगवेगळ्या नावांनी अर्ज करण्याची पद्धत रूढ झाली. त्यावर उपाय म्हणून पाचशे मीटरच्या आतल्या खाणपट्ट्यांचे क्षेत्र एकत्र धरून पाच हेक्टरांचा निकष लावला जातो. तेव्हा तुमच्या डोंगराच्या पलीकडच्या बाजूला आणखी पट्टे दिलेले आहेत का, हे तहसील कार्यालयातून आणि जिल्हा खनिकर्म अधिकाऱ्यांकडून माहितीच्या अधिकारात विचारा. तसे असतील आणि अहवालात त्यांचा उल्लेख नसेल, तर धूळ, पाणी आणि वाहतूक यांचा एकत्रित परिणाम तपासलाच गेलेला नाही, ही अतिशय वजनदार हरकत होते.

गाव अनुसूचित (म्हणजे आदिवासीबहुल म्हणून घोषित) क्षेत्रात असते तर चित्र वेगळे असते, कारण अशा क्षेत्रांतल्या ग्रामसभांना विशेष अधिकार देणाऱ्या पेसा कायद्याने तिथे दगड, मुरूम अशा गौण खनिजाचा पट्टा देण्यापूर्वी ग्रामसभेची किंवा योग्य स्तरावरील पंचायतीची शिफारस आवश्यक केली आहे. सातारा जिल्हा त्यात येत नाही, त्यामुळे तुमच्या ग्रामसभेच्या ठरावाला या प्रक्रियेत नकाराधिकाराचे बळ नाही. तो एक महत्त्वाचा पुरावा आहे, एवढेच. म्हणून ‘सर्वानुमते विरोध’ या एका ओळीच्या ठरावाऐवजी कारणे, गट नंबर, विहिरी, वस्त्या आणि रस्ते यांचा उल्लेख असलेला नवा ठराव सुनावणीच्या आधी करून घ्यावा. जागेचा काही भाग वन विभागाच्या नोंदीत आहे का, हेही सातबाऱ्यावरून आणि फेरफारांवरून तपासावे. असेल तर वनजमिनीची स्वतंत्र परवानगी लागते आणि प्रकरण पूर्ण बदलते.

जाता जाता एक सांगणे गरजेचे वाटते. सप्टेंबर २०२५मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने अणुखनिजे आणि महत्त्वाच्या व सामरिक खनिजांच्या खाणींना जनसुनावणीतून सूट दिली. दगडखाणीला ती लागू नाही. परंतु लोकांना अधिकृतपणे बोलता येईल अशा जागा कमी होत चाललेल्या असताना तुमच्या वाट्याला आलेली ही जागा वाया घालवू नये, असे मला मनापासून वाटते.

आता अहवालाकडे वळू. अधिसूचनेनुसार त्याचा सारांश राज्याच्या राजभाषेत, म्हणजे मराठीत उपलब्ध असलाच पाहिजे आणि मसुदा अहवालाच्या प्रती जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, जिल्हा उद्योग केंद्र, स्थानिक स्वराज्य संस्था आणि मंडळाचे कार्यालय इथे ठेवलेल्या असल्या पाहिजेत. जाहिरात आणि सुनावणी यांच्यात किमान तीस दिवसांचे अंतर हवे. उद्याच पंचायतीत आणि जिल्हा परिषदेत जाऊन प्रत आहे का ते पाहा. नसेल तर ‘अमुक दिनांकास पाहणी केली असता प्रत उपलब्ध नव्हती’ असे पत्र त्याच दिवशी देऊन पोच घ्या. ही तांत्रिक बाब वाटेल, पण पुढे अपील करायची वेळ आली तर अशी एक पोच वीस भाषणांपेक्षा जास्त उपयोगी पडते.

इंग्रजी अहवाल पाहून घाबरून जाऊ नका. त्यातला निम्म्याहून अधिक मजकूर साचेबद्ध असतो आणि तो वाचण्याची गरज नसते. गावातला पदवीचा एखादा विद्यार्थी, एक शिक्षक आणि डोंगराची माहिती असलेले दोन-तीन वयस्कर शेतकरी एकत्र बसवा आणि फक्त नकाशे, तक्ते आणि छायाचित्रे पाहा. अहवाल करणारी माणसे गावात फार तर काही दिवस असतात. तुम्ही तिथे जन्मापासून आहात, म्हणून चुका तुम्हालाच सापडतात. दुसऱ्या जिल्ह्यातल्या नदीचे नाव तसेच राहून गेलेले, गावात नसलेल्या झाडांची आणि पक्ष्यांची यादी दिलेली, बारमाही ओढ्याला ‘हंगामी नाला’ म्हटलेले, वस्तीवरची शाळा नकाशावरून गायब झालेली, असे प्रकार मी वारंवार पाहिले आहेत.

पहिल्यांदा पाणी पाहा. सह्याद्रीच्या या भागात भूजल काळ्या पाषाणाच्या भेगांत आणि वरच्या मुरमाच्या, झिजलेल्या खडकाच्या थरात साठते. डोंगर उतारावर कापला की तो थर उघडा पडतो आणि खालच्या विहिरींकडे झिरपणारे पाणी खाणीच्या खड्ड्यात उतरण्याची शक्यता निर्माण होते. प्रत्यक्षात तसे होईल की नाही हे थरांच्या उतारावर आणि भेगांच्या दिशेवर अवलंबून आहे, म्हणून त्याचा स्थळनिहाय अभ्यास मागणे हीच योग्य मागणी आहे. अहवालात खाणीची अंतिम खोली समुद्रसपाटीपासूनच्या उंचीत दिलेली असते. तुमच्या विहिरींच्या काठाची उंची मोबाइलवरूनही ढोबळपणे कळते. त्यातून विहिरीची खोली वजा करा आणि दोन्ही आकडे शेजारीशेजारी मांडा. विहिरींतल्या पाण्याची पातळी अहवालात कोणत्या महिन्यात मोजली आहे तेही पाहा. मूळ स्थितीची मोजणी पावसाळा वगळून एका हंगामाची चालते. ती हिवाळ्यात झालेली असेल, तर एप्रिल-मेमधली तुमची टंचाई अहवालात दिसतच नाही. तालुक्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरी असतात. त्यांच्या नोंदी आणि गावाला आजवर लावलेल्या टँकरांच्या नोंदी पंचायत समितीतून मिळवता येतील.

या संदर्भात पाहिलेला एक प्रसंग सांगतो. एका सुनावणीत बरीच मोठी माणसे आवेशाने बोलली आणि टाळ्याही झाल्या. मग एक शेतकरी बाई उठल्या. त्यांनी सातबाऱ्याचा उतारा पुढे केला आणि शांतपणे सांगितले की, माझी विहीर बावन्न फूट खोल आहे, खाणीच्या हद्दीपासून तिथपर्यंत माझा मुलगा टेप घेऊन मोजत आला तर अंतर एकशे ऐंशी मीटर भरले, आणि साहेबांच्या पुस्तकात मात्र पाचशे मीटरच्या आत विहीर नाही असे छापले आहे. एवढे बोलून त्यांनी उताऱ्याची प्रत टेबलावर ठेवली. इतिवृत्तात बाकीच्या सगळ्यांची मिळून तीन ओळींत बोळवण झाली होती. या बाईंचे म्हणणे गट नंबरसह पूर्ण उतरले होते. समितीने पुढच्या बैठकीत प्रकल्पधारकाला विहिरींची नव्याने मोजणी आणि भूजलाचा स्वतंत्र अभ्यास सादर करायला सांगितले आणि तोपर्यंत प्रस्ताव बाजूला ठेवला.

दुसरी गोष्ट सुरुंगाची. घरांना तडे जातील, एवढे म्हणणे पुरेसे नाही. जमिनीतून येणारी कंपने मिलिमीटर प्रतिसेकंद या मापात मोजतात. खाण सुरक्षा महानिदेशालयाच्या १९९७च्या परिपत्रकानुसार खाणमालकाच्या मालकीच्या नसलेल्या साध्या घरांसाठी कंपनांच्या वारंवारितेनुसार ५, १० आणि १५ अशा मर्यादा ठरवलेल्या आहेत. तुमची हरकत अशी असावी : सर्वांत जवळचे घर कोणाचे, ते खाणीच्या हद्दीपासून किती मीटरवर, भिंती दगडमातीच्या की विटांच्या, आणि त्या घरापाशी किती कंपने येतील याचे गणित अहवालात कुठे आहे? घरांची आजची छायाचित्रे तारखेसह काढून ठेवा. पुढे तडे गेले तर ते आधीचेच होते, असा बचाव घेतला जातोच.

तिसरी गोष्ट वाहतूक, जिच्याकडे लोक दुर्लक्ष करतात. समजा अहवालात वर्षाला दोन लाख टन उत्पादन आणि तीनशे कामाचे दिवस लिहिले आहेत. म्हणजे दिवसाला सुमारे ६६७ टन. एका डंपरमध्ये सोळा टन धरले तर बेचाळीस खेपा, आणि रिकामे परतणारे डंपर धरून रस्त्यावरून दिवसाला चौऱ्याऐंशी फेऱ्या. दहा तासांचे काम धरले तर दर सात मिनिटांना एक डंपर. हाच रस्ता शाळेसमोरून जात असेल, त्याची रुंदी साडेतीन मीटर असेल आणि तो ग्रामीण रस्ता म्हणून बांधलेला असेल, तर हे गणित कागदावर लिहून द्या आणि वेगळा रस्ता कुठून काढणार, ते विचारा. तुमच्या अहवालातले खरे आकडे घालून हे गणित पाचवीतला मुलगाही करू शकेल.

धुळीसाठी हवेतील सूक्ष्म कणांचे राष्ट्रीय मानक आहे. दहा मायक्रॉनपर्यंतच्या कणांसाठी चोवीस तासांची सरासरी घनमीटरमागे १०० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावी. अहवालात आजची पातळी किती दाखवली आहे आणि खाण व क्रशर मिळून त्यात किती भर पडेल असे म्हटले आहे, ते पाहा. धूळ बसवण्यासाठी रोज पाणी मारू, असे हमखास लिहिलेले असते. ते पाणी कुठून आणणार, टंचाईच्या महिन्यांत कोणाच्या विहिरीतून आणणार, याचे उत्तर क्वचितच असते. ते मागा.

हे सर्व मुद्दे तोंडी मांडण्यावर समाधान मानू नका. प्रत्येक बाधित कुटुंबाने आपापल्या विहिरीविषयी, घराविषयी, पिकाविषयी स्वतंत्र लेखी हरकत द्यावी. एकच मजकूर छापून त्यावर पाचशे सह्या घेतल्या तर त्याची एकच हरकत म्हणून बोळवण होते. हरकतीत अहवालाच्या पानाचा क्रमांक, त्यावरचे विधान, तुमच्याकडची वस्तुस्थिती, तिचा पुरावा आणि तुमची मागणी, एवढे पाच भाग असले की पुरे. मंडळाच्या प्रादेशिक किंवा उपप्रादेशिक कार्यालयात दोन प्रती न्या आणि एका प्रतीवर शिक्का व तारीख घ्या. सुनावणीच्या दिवशीही प्रत द्यायला हरकत नाही, पण त्या गर्दीत पोच मिळेलच असे नाही, म्हणून आधी दिलेली बरी.

सुनावणीच्या दिवशी बोलणाऱ्यांची वाटणी करून घ्या, म्हणजे एकजण पाण्यावर, एकजण रस्त्यावर, एकजण घरांवर, एकजण पशुधन आणि चराईवर बोलेल आणि पुनरुक्ती होणार नाही. प्रत्येकाने नाव आणि गट नंबर सांगून सुरुवात करावी. महिलांनी आणि वस्तीवरच्या लोकांनी बोलणे विशेष महत्त्वाचे, कारण पाणी भरणे आणि गुरे चारणे याविषयीची त्यांची माहिती अहवालात सहसा नसतेच. आणि शेवटपर्यंत थांबा. बोलून झाले की लोक निघून जातात आणि गोषवारा वाचला जातो तेव्हा मंडपात प्रकल्पधारकाची माणसेच उरतात. एखादा मुद्दा गाळला गेला असेल तर तिथल्या तिथे उभे राहून तो लिहून घ्यायला सांगा; ते सांगणेही चित्रीकरणात येते. इतिवृत्त नंतर पंचायतीत, जिल्हाधिकारी कार्यालयात आणि मंडळाच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध करायचे असते आणि त्यावर काही म्हणायचे असल्यास थेट प्राधिकरणाला लिहिता येते. ही सोय फारच थोडे लोक वापरतात.

आधीच झालेल्या उत्खननाचा प्रश्न वेगळा आहे आणि तो स्वतंत्रपणे हाताळावा. ज्या खाणीला पर्यावरण मंजुरी लागते ती मंजुरीपूर्वी सुरू करणे हा कायद्याचा भंग आहे. विनापरवाना गौण खनिज काढल्यास महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८(७) खाली बाजारमूल्याच्या पाचपटीपर्यंत दंड करण्याचा अधिकार महसूल यंत्रणेला आहे. तहसीलदारांकडे लेखी तक्रार करून पंचनामा आणि खड्ड्याची मोजणी मागा. उपग्रहाची जुनी छायाचित्रे संगणकावर सहज मिळतात. दोन वेगवेगळ्या वर्षांची जोडली तर खोदकाम केव्हा सुरू झाले ते दिसते. ही तक्रार आणि पंचनामा झाल्यास त्याची प्रत जनसुनावणीतील हरकतीलाही जोडा. अर्जदाराने महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडवली किंवा खोटी दिली, तर अर्ज नाकारता येतो आणि मिळालेली मंजुरीही रद्द होऊ शकते, अशी तरतूद अधिसूचनेत आहे.

आधी काम आणि नंतर मंजुरी, याला न्यायालये काय म्हणतात, हे आज थोडे अनिश्चित आहे आणि ते तुम्हाला सांगितलेच पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने २०२०मध्ये अलेम्बिक फार्मास्युटिकल्सच्या प्रकरणात मागाहून दिलेली मंजुरी पर्यावरण कायद्याच्या तत्त्वांशी विसंगत ठरवली होती. मुंबईच्या वनशक्ती संस्थेच्या याचिकेवर १६ मे २०२५ रोजी न्या. अभय ओक आणि न्या. उज्जल भुयान यांच्या पीठाने अशा मंजुरीची वाट मोकळी करणारी २०१७ची अधिसूचना आणि २०२१ची कार्यपद्धती रद्द केली. मात्र १८ नोव्हेंबर २०२५ रोजी तीन न्यायाधीशांच्या पीठाने दोन विरुद्ध एक अशा बहुमताने तो निकाल मागे घेऊन प्रकरण नव्याने सुनावणीसाठी ठेवले, न्या. भुयान यांनी त्यावर सविस्तर असहमती नोंदवली. त्यामुळे ‘आधी खोदले म्हणजे मंजुरी मिळणारच नाही’ या भरवशावर राहू नका. मला स्वतःला मे महिन्यातला निकाल योग्य वाटतो, कारण डोंगर फोडून झाल्यावर त्याच्या परिणामांचा अंदाज बांधण्याला काही अर्थ उरत नाही. परंतु तुमच्या प्रकरणाची उभारणी माझ्या मतावर होऊ शकत नाही. ती पुराव्यावर व्हायला हवी.

दंडाच्या बाबतीतही बदल झाला आहे. जनविश्वास कायद्यातील दुरुस्त्यांमुळे एप्रिल २०२४पासून पर्यावरण संरक्षण कायद्याच्या भंगासाठीची तुरुंगवासाची शिक्षा जाऊन त्या जागी दहा हजार ते पंधरा लाख रुपयांचा दंड आला आहे. मोठ्या खाणमालकाला ही रक्कम फार जाचक नाही, म्हणून नंतरच्या शिक्षेपेक्षा आधीच्या मंजुरीच्या टप्प्यावर जोर लावणे अधिक शहाणपणाचे.

सुनावणी झाली की गाव सुस्तावते आणि मुदती निसटतात. इतिवृत्त आठ दिवसांत प्राधिकरणाकडे जाते. त्यानंतर प्रस्ताव समितीच्या कोणत्या बैठकीत आहे, समितीने काय विचारले, मंजुरी दिली का, हे केंद्राच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर दिसते. गावातल्या एका माणसाने दर आठवड्याला ते पाहण्याची जबाबदारी घ्यावी. मंजुरी दिली गेली, तर हरित लवादाकडे अपील करण्याची मुदत मंजुरी कळवल्यापासून तीस दिवस आहे; पुरेसे कारण असेल तर आणखी साठ दिवसांपर्यंतचा विलंब लवाद माफ करू शकतो. नव्वद दिवसांनंतर मात्र दार पूर्ण बंद होते, कितीही मोठा अन्याय झालेला असला तरी. कळवणे म्हणजे काय, यावर वाद होतात, म्हणून संकेतस्थळावर मंजुरी चढलेली तारीख हीच पहिली तारीख समजून चालावे. नुकसानभरपाई मागितली नसेल तर अपिलाचे शुल्क एक हजार रुपये आहे आणि वकील न देता स्वतः बाजू मांडण्याची मुभा कायद्याने दिली आहे, तरी कागद तरी जाणकाराकडून तपासून घ्यावेत.

निकालाबद्दल माझी अपेक्षा काय, असेही तुम्ही मनात विचारत असाल. गोव्यातील मोपा विमानतळाचे उदाहरण मी अनेकांना देतो. अर्जात महत्त्वाची माहिती दडवल्याच्या मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१९मध्ये त्या प्रकल्पाची पर्यावरण मंजुरी स्थगित करून तज्ज्ञ समितीला फेरविचार करायला लावला. हरकती नेमक्या होत्या, म्हणून देशातला एक मोठा प्रकल्प थांबला. पण जानेवारी २०२०मध्ये वाढीव अटींसह ती स्थगिती उठली आणि आज तिथून विमाने उडतात. बहुसंख्य प्रकरणांचा शेवट असाच, अधिक कडक अटींत होतो. मंजुरी पूर्णपणे नाकारली जाण्याचे प्रमाण कमी आहे. त्यामुळे खाण होऊच नये ही मागणी कायम ठेवूनही, झालीच तर कोणत्या अटी हव्यात हे हरकतीत पर्यायी मागणी म्हणून जरूर लिहा : खोलीची मर्यादा, घरांपासूनचे अंतर, सुरुंगाची वेळ, शाळेच्या वेळेत डंपर बंद, गावाच्या विहिरींची दर तीन महिन्यांनी मोजणी, आणि पाणी आटल्यास पर्यायी पाणी देण्याची जबाबदारी. पर्यायी मागणी केल्याने मूळ विरोध कमजोर होतो, ही भीती निराधार आहे.

अशा अटी मंजुरीपत्रात आल्या तर त्यांच्या पालनाचा अहवाल खाणमालकाने दर सहा महिन्यांनी, १ जून आणि १ डिसेंबरला, सादर करायचा असतो आणि तो सार्वजनिक दस्तऐवज असतो. तुमच्या गावाने आज विहिरींची पातळी, घरांची छायाचित्रे आणि रस्त्याची मोजमापे नोंदवून ठेवली असतील, तर त्या अहवालातली प्रत्येक ओळ खरी की खोटी, हे तुम्हाला पडताळून पाहता येईल. म्हणून विहिरींची मोजणी याच आठवड्यात सुरू करा. अहवालातली पाण्याची, कंपनांची आणि वाहतुकीची पाने इथे टाकलीत, तर त्यातल्या आकड्यांवर कोणती हरकत घेता येईल, ते मी सुनावणीच्या आधी लिहून देईन.